बोटभर कागद

सकाळी पावणेसहाला ती उठली, तेव्हा स्वयंपाकघरातला दिवा आधीच लागलेला होता. आईनं चहाचं आधण ठेवलं होतं आणि तीन पेले घासून ओट्यावर पालथे घातले होते. हे पेले चहाचे नव्हेत, आईच्या पाण्याचे. एक पलंगाशेजारच्या स्टुलावर, एक शिवणयंत्राच्या फळीवर आणि एक बाहेरच्या खोलीत खिडकीच्या कट्ट्यावर, अशा त्यांच्या जागा ठरलेल्या होत्या. रोज सकाळी कालचं पाणी कुंडीतल्या झाडांना घालायचं, पेले घासायचे, काठोकाठ भरायचे आणि वर झाकण्या ठेवायच्या. दिवसभरात त्यातलं अर्धंही आईला लागत नसे. तीन वर्षांपूर्वी पित्ताशयाची शस्त्रक्रिया झाल्यापासूनचा हा नेम. सासूबाईंनी घराचा पाणवठा केलाय, असं जावई म्हणे, आणि सासूबाई त्याला ‘प्यायला मात्र तुम्हीच पहिले’ असं ऐकवत. आज पेले पुसता पुसता ती सहज म्हणाली, “आई, नळ दहा पावलांवर आहे गं. तीन-तीन पेले कशाला?”

“तुला दहा पावलं.” आईनं चहा गाळता गाळता मान वर केली नाही. “सोळा तास म्हणजे किती पावलं होतात, ते मला विचार. झाकणी नीट बसव. परवा मुंगी पोहायला गेली होती.”

तिनं झाकणी दाबून बसवली आणि पिशवी उचलली. सात वाजून दहा मिनिटांची बस, मागच्या दारालगतची जागा, पुलावर नेहमीसारखी गर्दी, आणि आठला पाच कमी असताना रुग्णालयाच्या मागच्या दारानं आत. ग्रंथालय तळमजल्यावर, धुलाईघराला लागून होतं. पलीकडे चादरी उकळत, त्यामुळे तिच्या मेजामागची भिंत बाराही महिने कोमट असे आणि तिथल्या नियतकालिकांना साबणाचा मंद वास येई. सगळे तिला सूचीबाई म्हणत. वीस वर्षांपूर्वी ती इथं आली, तेव्हा पुस्तकांची साधी यादीसुद्धा नव्हती. ती तिनं केली, आणि ते नाव चिकटलं ते चिकटलंच. आता पुस्तकांसाठी फारसं कुणी येत नसे. एखाद्या आजारावर काय करावं याच्या सात ठिकाणच्या सात मार्गदर्शिका सापडतात, त्यांतली विश्वासाची कोणती, हे विचारायला मात्र येत. मार्गदर्शिका म्हणजे हुकूम नव्हे, हे ती दर वर्षी नव्यानं रुजू होणाऱ्या डॉक्टरांना सांगे. जाणत्या माणसांनी एकत्र बसून, मिळेल तेवढा पुरावा चाळून, आजच्या घडीला काय करावं याविषयी दिलेला तो सल्ला असतो. आणि ‘आजच्या घडीला’ हे त्यातले सर्वांत मोलाचे शब्द. म्हणून शेवटून वाचायला लागा. तारीख कोणती, पुन्हा तपासणार कधी, लिहिणारे कोण, शिफारशीमागं पुरावा भक्कम आहे की नुसतंच थोरामोठ्यांचं मत, हे बघा. मग वर या आणि काय लिहिलंय ते वाचा. “दुधावरची तारीख बघता, मग यावरची बघायला काय होतं?” असं ती म्हणाली की तरुण डॉक्टर हसत आणि निदान आठवडाभर तरी लक्षात ठेवत. उद्या व्यवस्थापन समितीची बैठक होती. ग्रंथालयाची खोली क्ष-किरण विभागाच्या जुन्या फिल्मा ठेवायला द्यावी काय, हा विषय तिसऱ्या क्रमांकावर होता.

साडेनवाला शस्त्रक्रिया वॉर्डातून मोठ्या सिस्टरांचा फोन आला. “सूचीबाई, भिंती रंगवायला घेतल्यात. तुमच्या त्या चौकटीची काच खिळखिळी झालीय. घेऊन जा नि नीट करून द्या बाई, नाहीतर रंगारी तिच्यावरूनच ब्रश फिरवतील.” ती गेली. वॉर्डात रंगाचा उग्र वास होता, खाटा मधोमध ओढलेल्या होत्या आणि सफाईवाली बाई बादलीतून फरशीवर पाणी ओतत होती. खिडकीजवळच्या खाटेवर घड्याळं दुरुस्त करणारा एक म्हातारा उशीला टेकून बसला होता. त्याची शस्त्रक्रिया नवाला व्हायची, ती आता तीनवर गेली होती. मध्येच अपघाताचा रुग्ण आला होता. म्हाताऱ्याचे ओठ पांढुरके पडले होते, आणि बोलताना जीभ टाळ्याला चिकटून सुटल्याचा बारीक आवाज येत होता.

“काय हो सिस्टर,” तो म्हणाला, “तुमच्याकडं पाणी फक्त फरशीलाच मिळतं काय?”

“आजोबा, थोडा दम धरा.”

“दमच धरलाय. तेवढाच ओला आहे.”

सिस्टर हसल्या आणि त्यांनी चौकट तिच्या हातात दिली. ‘शस्त्रक्रियेपूर्वी उपाशी ठेवण्याबाबत.’ खाली सहा ओळी: आदल्या रात्री बारानंतर तोंडानं काहीही देऊ नये, पाणीदेखील नाही, वगैरे. तळाशी एक बारीक काळी रेघ. हा कागद तिनंच अकरा वर्षांपूर्वी लावला होता, त्यानंतर हजार वेळा त्याच्यासमोरून ती गेली होती. काच सैल होऊन कागद वर सरकला होता, आणि चौकटीच्या लाकडाखाली निम्मी दबलेली कड आज पूर्ण उघडी पडली होती. ती कड अंगठ्यानं दाबायला गेली आणि तिचा अंगठा तिथंच थांबला. ती रेघ सलग नव्हती. मध्ये मध्ये तुटलेली होती. आणि तिच्या डाव्या टोकाला, रेघेच्या वर, केसाएवढी एक वेलांटी होती. थोडं पुढं आणखी एक. मग एक रफार, त्याला लागून अनुस्वाराचा ठिपका. नक्षीच्या रेघेला वेलांटी कशी असेल? त्या शिरोरेषा होत्या. खालची अक्षरं कापली गेली होती आणि त्यांची फक्त डोकी कागदावर राहिली होती. अकरा वर्षं वॉर्डातल्या प्रत्येकानं, तिनंसुद्धा, ती किनार समजली होती.

“काय झालं?” सिस्टर म्हणाल्या. “भूत बघितल्यासारखं तोंड का केलंत?”

“ही ओळ आहे, सिस्टर.”

“कुठली ओळ?”

ती उत्तर न देता चौकट काखेत मारून निघाली. जिना उतरताना तिला ते शब्द एकेक करून आठवत गेले, कारण ते तिचेच होते. ग्रंथालयात येऊन तिनं दार लोटलं, मधल्या कपाटातून निळी फाईल काढली आणि छापखान्याकडून आलेला मूळ कागद शोधला. सहा ओळी, आणि अगदी खाली, मुद्रकानं समासात ढकललेली सातवी: ‘ही सूचना तूर्त तीन वर्षांसाठी आहे. त्यानंतर ग्रंथालयात विचारल्याशिवाय वापरू नये.’ त्या एका ओळीसाठी ती तेव्हाच्या समितीत भांडली होती. बाहेर त्या काळातही वारं बदललेलं होतं; शस्त्रक्रियेच्या दोन तास आधीपर्यंत साधं पाणी द्यायला हरकत नाही, असं कितीतरी ठिकाणच्या भूलतज्ज्ञांच्या मंडळांनी पुराव्यानिशी लिहिलं होतं. समितीतले वडीलधारे म्हणाले होते, असू दे, आपण सावध राहू. ती म्हणाली होती, राहा सावध, पण किती दिवस ते तरी लिहा. ‘तूर्त’ हा शब्द तिनं मिळवला होता. मग चोवीस चौकटी आल्या, त्या बोटभर आखूड. परत पाठवायच्या म्हणजे महिना गेला असता. दुपारची वेळ होती, धुलाईघराची भट्टी धडधडत होती, आणि तिनं चोवीस कागदांची चळत कागद कापायच्या पात्याखाली लावली. वरच्या कागदावर डाग पडू नये म्हणून चळत पालथी घातली होती. पालथ्या कागदाला सगळ्या बाजू कोऱ्याच. एकच कचका. खाली टोपलीत पांढऱ्या पट्ट्या पडल्या. त्यांच्या दुसऱ्या अंगाला काय आहे, हे तिनं वाकून पाहिलं नाही. आईनं जन्मभर शिवणकाम केलं होतं, आणि लहानपणी तिच्या हातात कात्री देताना ती दर वेळी बजावत असे: कापड उलगडून बघ, सुलटं कुठलं ते बघ, शिवणीला माया सोड, आणि मगच काप. ते तिनं कापडापुरतं ऐकलं होतं.

इथवर चूक पात्याची म्हणता आली असती. मूळ कागदामागं फाईलमध्ये दुसरा एक कागद होता, आणि तो तिला हात लावण्याआधीच दिसला. आठ वर्षांपूर्वीचा. तीन वर्षं भरली, त्या आठवड्यात तिनं सगळ्या मार्गदर्शिका पुन्हा शोधून काढल्या होत्या, एकमेकींशी ताडून पाहिल्या होत्या, कुठल्या शिफारशीमागं किती पुरावा आहे हे समासात लिहिलं होतं आणि नवी सूचना तयार केली होती: पोट उशिरा रिकामं होणारे रुग्ण वगळता, भूलतज्ज्ञांना विचारून, दोन तास आधीपर्यंत साधं पाणी द्यावं. केवळ चालेल असं नव्हे, द्यावं. मग ती वाट पाहत बसली. भिंतीवर लिहिलंय ना, ग्रंथालयात विचारा म्हणून? येऊ देत विचारायला. त्याच वर्षी तिची समितीतली जागा काढून घेण्यात आली होती. ‘तुम्हाला बोलावलं की या’ असं तिला सांगण्यात आलं होतं. कुणी बोलावलं नाही, ती गेली नाही. कुणी विचारलं नाही, तिनं सांगितलं नाही. एक महिना तिला त्यांचा राग आला, पुढं त्या रागाचीही सवय झाली, आणि कागद निळ्या फाईलमध्ये, मधल्या कपाटात, जागच्या जागी राहिला. तिचं सगळं काही नेहमी जागच्या जागी असे.

आणि तीन वर्षांपूर्वीची ती सकाळ. आईच्या शस्त्रक्रियेची वेळ आठची होती, ती दहावर गेली, मग बारावर, मग दोनवर. आईनं रात्री दहाला शेवटचा घोट घेतला होता. सकाळी आठला ती विनोद करत होती, दहाला गप्प झाली, आणि अकराच्या सुमाराला तिनं लेकीचं मनगट धरलं. आईची बोटं कोरडी होती, त्यांवरच्या सुईच्या जुन्या टोचण्या खरखरीत लागत होत्या. “घोटभर दे गं. कुणाला कळतंय?” लेक म्हणाली होती, “आई, नियम आहे,” आणि बोट भिंतीकडं केलं होतं. आईनं चष्म्याशिवाय त्या चौकटीकडं पाहिलं होतं. “ज्यानं लिहिलाय त्याला तहान लागलेली नसणार,” ती म्हणाली होती आणि कूस बदलली होती. ओल्या कापसानं ती आईचे ओठ टिपत राहिली. निळ्या फाईलमधला कागद तिला त्या वेळी ठाऊक नव्हता काय? ठाऊक होता. एखादी गोष्ट कुठल्या कपाटात आहे हे जसं ठाऊक असतं, तसा. त्या कागदावरचं पाणी आणि आईच्या ओठांवर नसलेलं पाणी ही दोन्ही एकच, हे तिच्या मनात आलंच नाही. आणि आज मात्र ते असं आलं, की भिंतीची ऊब पाठीला सहन होईना, म्हणून ती उभी राहिली. घड्याळात दहा वाजून पाच मिनिटं झाली होती. तीनला शस्त्रक्रिया. म्हणजे एकपर्यंत.

शस्त्रक्रियागृहाच्या दाराशी भूलतज्ज्ञ डॉक्टर दोन कामांच्या मध्ये भिंतीला टेकून उभे होते. तिनं आठ वर्षांपूर्वीचा कागद पुढं केला, आणि त्यासोबत, येताना संगणकावरून छापून घेतलेली या वर्षीची मार्गदर्शिका. त्यांनी आधी तळ पाहिला. तिच्याकडूनच शिकलेली सवय. मग वर वाचलं.

“यात नवीन काही नाही, बाई. मी तोंडी सांगतच असतो. पण भिंतीपुढं तोंडाचं कोण ऐकतं? सिस्टर म्हणतात, लेखी आणा.”

“खिडकीजवळचे आजोबा. घड्याळवाले.”

“मधुमेह नाही, पोट वेळेवर रिकामं होतं. द्या त्यांना एकपर्यंत पाणी. मी फोन करतो.” मग तिचा चेहरा पाहून ते थांबले. “अजून काही आहे?”

“भिंतीवरची सूचना आठ वर्षांपूर्वीच संपली. ते सांगणारी ओळ मी कापली. आणि नवी सूचना माझ्या कपाटात होती.”

डॉक्टरांनी तोंडावरची पट्टी खाली ओढली. आठ वर्षांपूर्वीचा तो कागद पुन्हा वरपासून वाचला. शेवटी म्हणाले, “नवी छापा. मी सही करतो.”

ती वॉर्डात परतली, तेव्हा सिस्टर फोन ठेवत होत्या. त्यांनी स्वतःच पेला भरला आणि म्हाताऱ्याच्या हातात दिला. तो गटागटा प्यायला नाही. त्यानं आधी पेला उजेडात धरून पाहिला, एखाद्या घड्याळाचं झाकण उघडून पाहावं तसा, आणि एक घोट तोंडात धरून ठेवला. त्याचे डोळे मिटले. गिळल्याचा आवाज रंगाऱ्यांच्या शिडीपर्यंत ऐकू गेला असावा, कारण वरचा माणूस वळून पाहू लागला.

“चालू झालं,” म्हातारा म्हणाला.

सिस्टरांनी तिला औषधांच्या कपाटामागं नेलं आणि सगळं ऐकून घेतलं. त्या तीस वर्षं या कामात होत्या. त्यांचा आवाज खाली गेला की तो जास्तच पक्का होई. “हे बघा, नवे कागद आणा, मी चौकटीत घालते. कुणाला सांगू नका. अकरा वर्षं कुणी बघितलं नाही, आता काय बघतंय? उद्या तुमची बैठक आहे. त्यांना निमित्तच हवंय. आपल्या हातानं आपल्या पायावर धोंडा कशाला पाडून घेता?”

“आणि पुढच्या वेळी?”

“पुढच्या वेळी काय?”

“मी कापलं हे कळलं नाही, तर तळाशी काहीतरी असतं हेही कुणाला कळणार नाही. भिंतीवर आहे म्हणजे खरं आहे, असंच चालू राहील. तुम्ही किती जणांना पाणी नाही म्हणालात, सिस्टर?”

सिस्टरांचा चेहरा लाल झाला. “मला विचारता? भिंतीवर तुम्ही लावलंत ते!”

“हो. म्हणूनच.”

ती ग्रंथालयात आली. खोली जाईल, हा विचार तिनं एकदा पुरता करून घेतला: कोमट भिंत जाईल, साबणाचा वास जाईल, मधल्या कपाटात फिल्मांचे गठ्ठे येतील, आणि ती कुठल्यातरी नोंदणीच्या खिडकीमागं बसेल. तिला भीती वाटली. खरीखुरी. त्या भीतीतच तिनं संगणक सुरू केला. नवी सूचना छोटी होती. तारीख आणि पुढल्या तपासणीची तारीख तिनं तळाशी ठेवली नाही. सगळ्यांत वर, मथळ्याच्याही आधी, जाड अक्षरांत घेतली. त्याखाली चौकोनात चार ओळी लिहिल्या: ‘या जागी पूर्वी लावलेली सूचना आठ वर्षांपूर्वी कालबाह्य झाली होती. ते सांगणारी ओळ चौकटीत बसवताना माझ्याकडून कापली गेली. सुधारलेली सूचना तयार असूनही मी ती आणून दिली नाही. तारीख उलटलेला कागद भिंतीवर दिसल्यास तो काढावा आणि मला कळवावं.’ ‘माझ्याकडून कापली गेली’ हे तिनं पुन्हा वाचलं, खोडलं आणि ‘मी कापली’ असं केलं. डॉक्टरांनी सूचनेखाली सही केली, चौकोन वाचला आणि पेनाला टोपण लावलं.

“या चार ओळी माझ्या सहीत येत नाहीत.”

“नाहीतच. तिथं माझी वेगळी आहे.”

“समितीला आज कळायलाच हवं का?”

“एक प्रत वर देऊन आले आत्ताच.”

मग ढकलगाडी घेऊन ती निघाली. पहिल्या मजल्यावर सात, दुसऱ्यावर नऊ, तिसऱ्यावर पाच. चौकट काढायची, तिच्या जागी साधी चिमट्याची फळी अडकवायची, नवा कागद लावायचा, वॉर्डातल्या सिस्टरला वाचून दाखवायचा, पुढं. कुणी खांदे उडवले, कुणी चौकोन दोनदा वाचून तिच्याकडं पाहिलं. एका तरुण परिचारिकेनं विचारलं, “ही सही खरंच तुमची?” ती म्हणाली, “हो,” आणि गाडी पुढं ढकलली. बाविसावी चौकट जुन्या मलमपट्टीच्या खोलीत कपाटामागं सापडली, तेविसावी मोडक्या खाटांच्या कोठीत. चोविसाव्या चौकटीसाठी ती सव्वापाचपर्यंत हिंडली. ती शेवटी रखवालदाराच्या खोलीत निघाली. त्यानं तिच्यात आपल्या नातीचा फोटो लावला होता. फोटोमागं तो कागद तसाच होता. तिनं कागद काढून घेतला आणि चौकट त्याला परत केली. साडेपाचला शस्त्रक्रिया वॉर्डावरून जाताना तिनं डोकावलं. म्हातारा गुंगीत होता, आणि नव्या रंगाच्या भिंतीवर सिस्टरांनी स्वतः फळी ठोकून कागद लावलेला होता. थोडा तिरका, पण वरची तारीख दारातून वाचता येत होती.

घरी आली, तेव्हा आई शिवणयंत्रावर बसून कुणाचातरी अंगरखा दुरुस्त करत होती. पिशवीतून तिनं चोवीसांपैकी एक जुना कागद काढला आणि पेल्याशेजारी ठेवला. उभ्यानंच सगळं सांगितलं: पट्ट्या, पालथी चळत, निळी फाईल, दोन तास. आईनं चाक हातानं थांबवलं. चष्मा लावून तिनं कागदाची कड उजेडात धरली, त्या फक्त डोकी उरलेल्या अक्षरांवरून नख फिरवलं.

“म्हणजे मला बारापर्यंत चाललं असतं.”

“हो.”

“आणि हे तुझ्याकडं होतं.”

“हो, आई.”

आईनं कागद फळीवर ठेवला आणि त्यावर कात्री ठेवली, उडू नये म्हणून. तिला राग आला होता, तो तिच्या जबड्यात दिसत होता, आणि लेकीनं तो पाहिला, नजर वळवली नाही.

“बाकीचे सगळे काढलेस?”

“चोवीसच्या चोवीस.”

“दिवसभर हिंडलीस. पाणी प्यालीस का कुठं?”

तेव्हा तिच्या लक्षात आलं, की सकाळच्या चहानंतर आपल्या घशात काहीही उतरलेलं नाही. आईनं पेल्यावरची झाकणी काढली, पेला तिच्याकडं सरकवला आणि यंत्राचं चाक पुन्हा फिरवलं. ती उभ्यानंच प्यायली, शेवटच्या थेंबापर्यंत. मग स्वयंपाकघरात गेली, पेला घासला, काठोकाठ भरला आणि परत आणून आईच्या उजव्या हाताशी, होता त्याच जागी ठेवला.